हातात सुई असली की कुणी उठवत नाही

२०२०ची दिवाळी उरकली आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांना एकच विषय सापडला. मन शांत कसं ठेवावं? विणकाम करा, भरतकाम करा, कुंडीत मेथी पेरा, बातम्या कमी बघा, चहा सावकाश प्या. साध्यासुध्या गोष्टींत आनंद शोधा. सल्ला देणाऱ्यांत मानसोपचारतज्ज्ञ होते, नट-नट्या होत्या आणि आयुष्यात कधी शर्टाचं बटणही न लावलेले लेखक होते. सल्ल्यात खोटं काही नव्हतं. पण अचानक हाती आलेल्या मोकळ्या वेळाचं काय करावं हे ज्याला उमगत नव्हतं, त्याच्यासाठी तो होता. आमच्या खान्देशात धुळ्यापासून पारोळ्यापर्यंत आणि तिथून पुढे अमळनेरपर्यंत असा माणूस मला त्या हिवाळ्यात शोधूनच काढावा लागला असता. बाई तर शोधूनही सापडली नसती.

तो हिवाळा जरा आठवून बघा. परतीच्या पावसानं कपाशीची बोंडं काळी पडलेली, उरलेल्यांत गुलाबी बोंडअळी. लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ५,८२५ रुपये हमीभाव जाहीर झालेला आणि खरेदी केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा. वेचणी किलोवर, आणि वेचणाऱ्या बहुतेक बायाच. सुरतेच्या उधना-लिंबायतमधून टाळेबंदीत परतलेली कुटुंबं; काही पुन्हा गेली, काही अजून गावातच. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबरपासून उघडायला परवानगी मिळाली होती, पण लहान पोरं घरातच, आणि घरात मोबाईल एक. म्हणजे घर भरलेलं. भरलेल्या घरात भाकरी वाढतात, थापणारे हात वाढत नाहीत.

त्याच वर्षी सप्टेंबरात केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयानं देशातल्या माणसांचा दिवस कुठे जातो याची पाहणी प्रसिद्ध केली. पाहणी २०१९ची, करोनाच्या आधीची. विनामोबदला घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि पुरुषाची ९७. शिवाय असं काम करणारे मुळात बायकांत शंभरात ८१ आणि पुरुषांत २६. (ही ९७ मिनिटं नेमकी कोणते पुरुष भरून काढतात, यावर आमच्या गल्लीत बायकांची बरीच करमणूक झाली.) माझ्या मते हे आकडे छंदाच्या सल्ल्याला लागूनच छापायला हवे होते. वाचणाऱ्याला कळलं असतं की शांततेआधी प्रश्न फुरसतीचा आहे, आणि फुरसत घराघरांत सारखी वाटलेली नाही.

तरीही त्या थंडीत आमच्याकडे गोधड्या भरपूर शिवल्या गेल्या. इथून माझा मुद्दा सुरू होतो.

गेल्या काही वर्षांत पानिपतची मऊमऊ ब्लँकेटं खेड्यापाड्यांत पोचली आणि गोधडी माळ्यावर गेली. लग्नात आहेर म्हणून ब्लँकेट, वास्तुशांतीला ब्लँकेट, निवडणुकीत तर ब्लँकेटच. पण घरात अचानक माणसं वाढली, हातात पैसा नव्हता आणि धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरण्यात पटाईत. तेव्हा जुन्या लुगड्यांची बोचकी खाली आली.

माझी मोठी माय त्या डिसेंबरात गोधडी घालत होती. तिची धाकटी जाऊ सप्टेंबरात कोविडनं गेली. मृतदेह घरी आलाच नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळून परस्पर स्मशानात नेला. शेवटी अंगावर घालायला म्हणून मोठ्या मायनं पिशवीत दिलेलं हिरवं लुगडं तसंच घडी न मोडता परत आलं. दशक्रियेला मोजकी माणसं. त्या पिशवीला हात लावायला कुणी धजेना, म्हणून ती दिवाळीपर्यंत गोठ्यात खुंटीला लटकत होती. मग एके दिवशी मोठ्या मायनं लुगडं उकळत्या पाण्यातून काढलं, कडक उन्हात वाळवलं आणि अंगणात अंथरलं. त्यावर जुन्या धोतराचे, चादरींचे तुकडे, बटणं कापून घेतलेले पोरांचे शर्ट. वरून दुसरं लुगडं. चारी कोपऱ्यांवर दगड. आधी लांब लांब कच्चे टाके टाकून थर जागेवर बसवायचे आणि मग कडेनं धावदोरा धरायचा, चौकोनात चौकोन करत मध्यापर्यंत. चार-पाच टाके सुईवर गोळा करायचे आणि एकदम ओढायचे. कडेला असताना हात सहज पोचतो. आत जाल तसा पोचत नाही, मग गोधडीवरच बसून शिवायचं. जावेचं नाव तिनं त्या दिवसांत काढल्याचं मी ऐकलं नाही. लुगड्याचा काठ मात्र कापू दिला नाही. काठ बाहेर राहील अशीच गोधडी बेतली.

समोरच्या टोकाला तिची सून बसायची. सुनेला शिवणाची आवड नाही, तिचा टाका वाकडा जातो, आणि मोठी माय तो रात्री उसवून पुन्हा घालते हे सुनेलाही ठाऊक आहे. तरी दुपारची भांडी झाली की ती सुई घेऊन हजर. मी विचारलं, तुला कंटाळा येत नाही का? ती अहिराणीत म्हणाली, "आठे बठनं का कोनी उठाडत नही."

इथे बसलं की कुणी उठवत नाही! त्या एका वाक्यात जे आहे ते मला एकाही पुरवणीत सापडलं नाही. आमच्याकडे दारात कुणी आलं आणि विचारलं, "वहिनी कोठे शे?" तर त्याला दोन उत्तरं असतात. "आंगनमा बठेल शे" म्हटलं, की लगेच काम निघतं: चहा टाक, पाणी काढ, पोराला बघ. "गोधडी शिवी ऱ्हायनी" म्हटलं, की येणारा म्हणतो, ऱ्हाऊ द्या. बाई त्याच जागी, त्याच उन्हात, तशीच मांडी घालून बसलेली आहे. फरक हातातल्या सुईचा. नुसतं बसणं तिला परवडत नाही, म्हणून ती कामाच्या आडोशाला बसते. गहू निवडणं, शेंगा फोडणं, वाती वळणं, क्रोशानं तोरण विणणं ही सगळी या आडोशाचीच कामं. त्यांतून मिळणाऱ्या शांततेचं श्रेय आपण दोऱ्याला देतो. त्यातला मोठा वाटा त्या तासाभराच्या अभयाचा असतो.

सुईला स्वतःचा काही गुणच नाही, असं मात्र मला म्हणायचं नाही. २०१३ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ ऑक्युपेशनल थेरपी'मध्ये विणकाम करणाऱ्या ३,५४५ जणांची पाहणी छापून आली होती. जे जास्त वेळा विणायला बसतात त्यांनी आपल्याला जास्त शांत आणि आनंदी वाटतं असं सांगितलं. आता विणकामाची आवड असणाऱ्यांनाच विणकाम आवडतं का असं विचारल्यावर दुसरं काय उत्तर येणार, ही शंका रास्त आहे, आणि ही पाहणी बेतानंच वापरावी. पण कुणीही एक रांग धावदोरा घालून बघावा. हाताला एक ठेका लागतो, नजर बोटभर जागेत अडकते, श्वास आपोआप लांबतो. त्या दिवसांत संध्याकाळ झाली की मोबाईलवर जिल्ह्याचा आकडा यायचा, तालुकावार: आज किती बाधित, किती बरे, किती गेले. एका हातानं कापड ताणून दुसऱ्यानं सुई चालवणाऱ्या बाईला तो मोबाईल उचलायला हातच रिकामा नसे. हा फायदा काही कमी नाही. फक्त तो वेळ काढता येणाऱ्यालाच मिळतो, आणि वेळ काढायला आमच्याकडे बाईला निमित्त लागतं.

निमित्त पुरुषालाही लागतं, हे ओघानं सांगायला हवं. ते बघायचं असेल तर हिवाळ्यातली भरीत पार्टी बघा. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते हिरवट, थोराड वांगं थंडीतच खरं लागतं. शेतात कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा जाळ करायचा, वांगी त्यात सोडायची, सालं काढून गर लाकडी भांड्यात ठेचायचा. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, वरून तेलाची सढळ धार. सोबत कळण्याची भाकरी नाहीतर पुऱ्या. त्या हिवाळ्यात लग्नं आटोपशीर झाली, यात्रा रद्द झाल्या, पण उघड्या शेतातलं हे जेवण चालू राहिलं आणि अनेकांना त्यानंच तगवलं. आता बघा, भरीत करतात कोण? गडी माणसं. एरवी घरात पाण्याचा तांब्या जागेवर मागणारे जिभाऊ तिथे उकिडवे बसून वांगी सोलतात, मिरच्या भाजतात, डोळ्यांत धूर गेला तरी हसतात. घरच्या चुलीपुढे तेच वांगं भाजलं तर गाव काय म्हणेल! शेतात मात्र ती पार्टी असते. पुरुषाला स्वयंपाकातला आनंद घ्यायचा तर त्याला मौजेचं नाव द्यावं लागतं, आणि बाईला मौज हवी तर तिला कामाचं नाव द्यावं लागतं. दोघांचीही ही कोंडीच. तरी बाईची जास्त अवघड, कारण पार्टी संपल्यावर भांडी परत घरीच येतात.

हे सगळं निसर्गानं ठरवून दिलेलं नाही. गावोगावचे शिंपी पुरुषच आहेत. तापीकाठी जाळी विणणारे, उसवलेली जाळी सांधणारे पुरुष आहेत. आमच्या लहानपणी थंडीच्या दिवसांत म्हातारी माणसं ओट्यावर बाज विणत बसायची. सुतळीचा ताण, पट्ट्यांची नक्षी, पायाच्या अंगठ्यानं दोरी धरून ठेवायची लकब. तेही याच जातीचं हस्तकाम. पहिल्या महायुद्धातून हातपाय गमावून किंवा मनानं खचून परतलेल्या सैनिकांसाठी लंडनमध्ये १९१८ साली भरतकामाचा एक उद्योगच उभारला गेला होता. इतकं लांब तरी कशाला जा? १९२४च्या बेळगाव अधिवेशनात काँग्रेसनं सभासदत्वासाठी महिन्याला २,००० यार्ड सुताची अट घातली होती. वर्षभरात ती ढिली करावी लागली हा भाग वेगळा, आणि ती का ढिली झाली हे कळायला फार विद्वत्ता लागत नाही. पण वकील, व्यापारी, संपादक अशा पुरुषांनी रोज बसून सूत काढावं, ही मागणी या देशात एकदा जाहीरपणे झालेली आहे. १९३६च्या डिसेंबरात आपल्याच फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं, तेव्हा खादी-ग्रामोद्योगांचं प्रदर्शन त्याचा मोठा भाग होता. त्या अधिवेशनाचा अभिमान खान्देशात सगळ्यांना आहे. त्यातला चरखा मात्र आपण फोटोत ठेवला आणि हातात सुई द्यायची वेळ आली की मुलींचा वर्ग शोधला.

माझी एक मैत्रीण यावर चिडते. तिचं म्हणणं, बाईला गोधडीत गुंतवून ठेवायचं आणि वर तिच्या समाधानाचे गोडवे गायचे, हा जुनाच कावा आहे. सुई हातात देऊनच तर पिढ्यान्‌पिढ्या मुलींची मान खाली घालायला लावली. यात खोटं काही नाही. लग्न ठरवायला आलेल्या पाहुण्यांपुढे मुलीनं भरलेले रुमाल मांडायची पद्धत आमच्याच पिढीनं बघितली आहे. पण म्हणून सुई टाकून द्या म्हणणारी बाई आधी दुसरा आडोसा दाखवू दे. सुनेच्या हातातून तो वाकडा टाका काढून घेतला तर तिला बसायची जागा कुठे आहे? ती जागा झाल्यावर खुशाल तिनं सुई फेकावी. तिला नाहीतरी ती आवडत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हातकाम पोटासाठी करणाऱ्याला त्यात शांतता कुठून मिळणार? २०२०च्या उन्हाळ्यात बचतगटांच्या बायकांनी कापडी मास्क शिवले, नगावर. रात्री उशिरापर्यंत मशीन चालायची, पाठ धरायची. पुढे ऑक्टोबरात राज्य सरकारनं मास्कच्या किमती बांधल्या, तीन पदरी मास्क ४ रुपये. गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं ते योग्यच झालं, पण तोवर कापडी मास्कची मागणीही बरीच आटली होती. चाळीसगाव-जामनेरकडच्या तांड्यांवरचं आरशांचं, कवड्यांचं भरतकाम शहरातल्या दुकानात काचेआड जातं. भरणारीच्या हाती काय पडतं हे विचारलं की दुकानदार विषय बदलतो. नंदुरबारच्या डोंगराळ भागातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं गोधडी बरोबर नेतात, कारण उघड्यावर झोपायचं असतं. त्या गोधडीवर मनःशांतीचा लेख लिहू नये. तिथे आधी मजुरी आणि छप्पर यांचं बोला. म्हणजे तीच सुई, तोच दोरा. नगावर हिशेब सुरू झाला की आडोसा संपतो आणि कामाची पाळी सुरू होते.

सरकारी कागदावर सुई नेमकी याच रूपात दिसते. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. त्यातून काय होतं? शिवणयंत्रांचं वाटप, शिवणकामाचं प्रशिक्षण, फोटो, आभार. मला शिवणयंत्रांचा राग नाही. एखादीचा संसार त्यावर उभा राहतो. पण बाई म्हटली की तिच्याकडून उत्पन्न निघालं पाहिजे, एवढाच विचार त्यामागे आहे. तिला दोन तास बसू द्यावं, गप्पा माराव्यात, वाटलं तर टाका घालावा, नाही वाटलं तर घालू नये, याला कल्याण म्हणायला कोणत्याही रकान्यात जागा नाही. पुरुषांसाठी मात्र ही जागा गावानं केव्हाच केली आहे. पार आहे, चावडीचा ओटा आहे, एस.टी. थांब्यावर सिमेंटची बाकं आहेत. त्या बाकांवर ‘अमुक यांच्या निधीतून’ असं ठळक रंगवलेलं असतं आणि त्यांवर दिवसभर कोण बसलेलं असतं ते कुठल्याही गावात जाऊन बघा. त्यांना कुणी विचारत नाही, हातात काय आहे?

शाळेचंही तसंच. २९ जुलै २०२०ला आलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकायला पाठवायची सूचना आहे. कल्पना चांगली. त्यात मुलगे सुताराकडे आणि मुली शिवणाकडे असं वाटप झालं नाही म्हणजे मिळवली. सहावीतल्या मुलाला गोधडीची एक बाजू घालायला द्यावी. त्याच्या मनाला शांतता लाभेल की नाही माहीत नाही, पण बसलेल्या बाईला उठवताना त्याचा आवाज थोडा खाली येईल.

त्या हिवाळ्याच्या शेवटाला, १५ जानेवारी २०२१ला, राज्यात १२ हजारांहून जास्त ग्रामपंचायतींसाठी मतदान झालं. निम्म्या जागा बायकांच्या. दुसऱ्याच दिवशी देशात लसीकरण सुरू झालं, त्यामुळे या निवडणुकीची आठवण फारशी कुणाला नाही. पण ग्रामपंचायतीवर निवडून येणाऱ्या सदस्यांना ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा भरवण्याचा कायदेशीर आधार आहे. बऱ्याच ठिकाणी ती रजिस्टर घरोघर फिरवून सह्यांवरच भागते. ती खरोखर भरवावी आणि एकच विषय ठेवावा: गावात बायकांना बसायला जागा कुठे. उन्हाचा ओटा, वर पत्रा, एक दिवा, जवळ नळ, पोरं खेळतील एवढं मैदान. कुणी म्हणेल निधी नाही. नसू दे. चावडीचा ओटा आहे तो दुपारी दोन ते पाच पुरुषांनी रिकामा करून दिला तर पत्र्याचाही खर्च येत नाही, आणि पत्ते खेळायला मळा आहेच.